पोस्ट क्रमांक सतरा

माहुलच्या खाडीपासून सकाळी सातला निघते.
खांद्यावर तारेचं रीळ, पिशवीत मीटर,
आणि काखेत जपलेली एक नळी:
आत मोरचुदाचं निळं पाणी, तांब्याची कांडी,
बुडाला लाकडाचा बूच.
त्यातून झिरपतो तेवढाच थेंब,
तेवढीच मातीशी बोलायची वाट.

दीड मीटर खाली ती पडून आहे, बारा इंची,
डांबरी पट्टीत गुंडाळलेली,
माझ्याहून चार वर्षांनी मोठी.
पुरल्यापासून तिला कुणी पाहिलेलं नाही.
मीही नाही.
मी तिला आकड्यांवरून ओळखते.

चौदा नंबर : उणे नऊशे दहा.
पंधरा : उणे आठशे ऐंशी.
सोळा : उणे आठशे चोपन्न, काठावर पास.

उणे जितकं खोल तितकी ती सुखरूप,
हे उलटं गणित पागधऱ्यांनी शिकवलं.
"पोरी, लोखंड उधारीवरच जगतं.
वरून उधारी चालू ठेव.
थांबलीस, की ते स्वतःलाच मोडून मातीचं देणं फेडतं."
मातीत पुरलेल्या मॅग्नेशियमला
त्यांनी कधी 'अ‍ॅनोड' म्हटलं नाही. 'थोरला' म्हणायचे.
एकदा खणून दाखवला होता :
सतरा किलोचा पुरलेला, पसाभर उरलेला,
मधली सळई उघडी,
कुणी खाऊन टाकलेल्या कणसासारखा.
"बघ. याचं नाव कुठल्या बिलावर येत नाही,"
म्हणाले, आणि चहाला गेले.

सतरा नंबर वेल्डिंगच्या गाळ्यामागे.
जमीन खडखडीत. बाटलीतलं पाणी ओतते,
तर भांडी घासणारी बाई म्हणते,
"तिथं काय उगवत नाय, ताई."
नळी टेकवते. मीटर लावते.
उणे आठशे साठ.
उणे चारशे दहा.
उणे आठशे साठ.
उणे तीनशे.
दर वेळी समोरच्या भिंतीवर
निळा उजेड थरथरून जातो.

मग चिमटा दिसतो.
नौशादच्या मशीनची अर्थिंगची तार
माझ्याच पोस्टच्या बोल्टला दात रोवून बसलेली.
"आठ महिने झाले, मॅडम. लोखंडाला लोखंड, त्यात काय?"
तो बालवाडीच्या खिडकीचे गज जोडत होता.
मी सांगते : वीज लोखंडात शिरते तिथे काही होत नाही.
ती लोखंड सोडून मातीत उतरते ना,
तिथे भोक पडतं.
येण्याच्या जागी नाही. जाण्याच्या.
तो काच वर करतो.
"मग ती जाते कुठून?"

ठाऊक नाही, भाऊ.
पट्टीला कुठे नखाएवढी चीर असेल, तिथून.
इथून असेल, अठरापाशी असेल,
खाडीच्या चिखलात असेल.

चिमटा त्याने काढला, कुरकुरत,
आणि गाळ्यामागे स्वतःची सळई ठोकली.
मीटर शांत झाला. उणे आठशे एकसष्ट.
पण मीटर आजचं बोलतो.
मागच्या आठ महिन्यांबद्दल त्याला विचारता येत नाही.

त्यासाठी पुढच्या चेंबरात ती तार आहे,
केसाहून थोडी जाड, त्याच जातीच्या लोखंडाची,
पाइपाला जोडून त्याच मातीत उघडी सोडलेली.
पाइप झिजेल तशी तीही झिजते,
बारीक होते,
आणि जितकी बारीक तितकी विजेला अडवते.
तिचं अडणं ओहममध्ये मोजायचं, एवढाच तिचा निरोप.
झाकण उचललं. झुरळं पळाली.
श्रावणातला आकडा वहीत होता, त्याखाली आजचा लिहिला.
वजाबाकी केली.
पेन झटकून पुन्हा केली.

शेरा : सतरा ते एकोणीस, खणून पाहावे.
सही : वृंदा हेदुलकर.

परतताना सतराशी माती अजून ओली होती,
नळीच्या बुडाचा गोल ठसा, रुपयाएवढा, किंचित निळसर.
बाई त्याच्याकडेच बघत होती.
"खणणार काय आता?"
हो म्हटलं. पुढच्या आठवड्यात माणसं येतील.

काल रात्री झोप लागली नाही.
इतक्या वर्षांनी तिला बघायचंय,
आणि काय नेसून जावं असा
वेडगळ प्रश्न मला पडलाय.